टाकीत किती आलं आणि गाडीत किती गेलं

मागच्या अंकात, महापालिका आपल्या गाड्यांसाठी डिझेल-पेट्रोल कसं विकत घेते यावर मी चारच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. मी स्वतः बावीस वर्षं गाड्यांच्या डेपोत काढलीत, आधी स्टोअरला, मग इंधनाच्या रजिस्टरवर, शेवटची काही वर्षं टेंडरच्या फायलींवर, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि उत्तरं थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: सर, मी लेखा विभागात आहे. दर वर्षी बजेटमध्ये इंधनाचा आकडा चुकतोच, मग पुरवणी मागणी, मग बोलणी खायची. त्यापेक्षा टेंडरमध्येच वर्षभराचा एक फिक्स रेट ठरवून टाकला तर काय बिघडतं?

उत्तर: बिघडत काही नाही, पण त्या खात्रीचे पैसे मोजावे लागतात. सप्लायरला स्वतःला माल रोज वेगळ्या रेटने मिळतो आणि तुम्ही त्याला म्हणता वर्षभर एकच रेट दे, तर तो काय करणार, वर्षात जास्तीत जास्त किती चढेल ते धरणार, वर थोडं अजून लावणार आणि मगच आकडा टाकणार. भाव उतरले की तुम्ही अडकता, आणि त्याने धरलं होतं त्याच्याही पुढे चढले की सप्लाय आखडता व्हायला लागतो, आज टँकर नाही, उद्या बघतो, परवा ड्रायव्हर नाही. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा बॅरल १४७ डॉलरच्या वर गेला होता आणि त्याच डिसेंबरात ४० च्या खाली आला, आता जुलैत ज्यांनी घाबरून वर्षाचा रेट बांधला त्यांचं काय झालं असेल ते बघा. आणि २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकन क्रूडचा मे महिन्याचा सौदा शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर बंद झाला. एवढं हलणारं तेल आहे हे, त्याच्यावर एक आकडा ठोकून बसायचं म्हणजे कुणीतरी एक जण नक्की मार खाणार.

म्हणून बरीच शहरं इंडेक्सला बांधलेला रेट घेतात. रोज किंवा आठवड्याला छापून येणारा एक घाऊक दर धरायचा (प्लॅट्स, आर्गस, अमेरिकेत ओपिस, अशा संस्था हे दर काढतात, काही ठिकाणी तेल कंपनीने जाहीर केलेला दर धरतात) आणि सप्लायरने टेंडरमध्ये एवढंच सांगायचं की त्या दरावर मी लिटरमागे किती वर किंवा किती खाली. याला डिफरन्शियल म्हणतात. बाजार चढला तर बिल चढतं, उतरला तर उतरतं, पण डिफरन्शियल वर्षभर तोच राहतो, आणि स्पर्धा होते ती फक्त त्याच्यावर, म्हणजे सप्लायरच्या हातात जे खरंच आहे त्याच्यावर.

आता यात एक जागा अशी आहे की तिथं मी स्वतः हात पोळून घेतलेत. इंडेक्स कुठल्या दिवसाचा? टँकर भरला त्या दिवसाचा, आपल्याकडे रिकामा झाला त्या दिवसाचा, की आठवड्याची सरासरी? आमच्या एका कॉन्ट्रॅक्टमध्ये नुसतं "प्रचलित दराने" असं लिहिलं होतं, ते वाक्य जुन्या टेंडरमधून उचललेलं आणि मीच खाली सही केलेली. सात-आठ महिन्यांनी सगळी बिलं आणि छापील दर शेजारी शेजारी ठेवून बसलो तेव्हा कळलं की दर चढता असला की डिलिव्हरीचा दिवस धरलाय आणि उतरता असला की लोडिंगचा. प्रत्येक वेळी. सप्लायरने नियम मोडला असं म्हणताच येईना कारण नियम आम्ही लिहिलाच नव्हता. त्यामुळे कृपा करून हे एक वाक्य नीट लिहा, कुठला दर, कुठे छापलेला, कुठल्या तारखेचा, सुट्टीच्या दिवशी कुठला धरायचा. आणि बिलात मूळ दर, डिफरन्शियल, वाहतूक आणि टॅक्स चार वेगळ्या ओळींत मागा. काही देशांत शहराच्या सरकारला इंधनावरचा काही टॅक्स माफ असतो, अमेरिकेत केंद्राचा इंधन टॅक्स स्थानिक सरकारांना लागत नाही, पण एकच गोळा आकडा असेल तर तो माफ झालाय की नाही हे कोण शोधणार.

बजेटचं म्हणाल तर आकडा रुपयांत, डॉलरमध्ये काय असेल तो नंतर, आधी लिटरमध्ये करा. किती लिटर लागतात हे तुमच्या हातात आहे, भाव तुमच्या हातात नाही. लिटर पक्के धरा, त्याला खालचा, मधला, वरचा असे तीन भाव लावा, मधल्यावर बजेट आणि वरच्यापर्यंतचा फरक वेगळ्या राखीव हेडला ठेवा. काही मोठ्या बससेवा वायद्याचे सौदे करून भाव बांधून घेतात, त्याला हेजिंग म्हणतात, पण ते रोज बघणारा माणूस ऑफिसात नसेल तर त्या वाटेला जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: सगळ्यात कमी रेटवाल्याला काम दिलं, तरी वर्षाच्या शेवटी खर्च वाढलेलाच. हे कसं काय?

उत्तर: कारण टेंडरमध्ये आपण रेट तोलतो आणि खर्च होतो तो बाकीच्या गोष्टींवर. तुमच्या पत्रात दिलंय की वर्षाला साधारण २० लाख लिटर डिझेल लागतं. समजा एल-वन आणि एल-टू मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला आणि त्याच्या नंतरचा यांच्यात, अर्धा टक्का फरक होता. म्हणजे १० हजार लिटरचे पैसे वाचले. चांगलंच आहे. आता दुसरा हिशोब बघा. मोठी डिझेल गाडी जागेवर उभी राहून नुसती घरघरत असली तरी तासाला ३ लिटरच्या आसपास पिते. अशा १०० गाड्या दिवसाला २ तास नुसत्या चालू उभ्या राहतात असं धरलं, वर्षाचे ३०० दिवस, तर झाले १ लाख ८० हजार लिटर. जे १० हजार लिटर वाचवायला तीन महिने फाईल फिरली त्याच्या अठरापट धूर होऊन गेलं आणि त्याची कुठे एक ओळ नोंद नाही.

रेटच्या आतही चोरवाटा आहेत. पूर्ण टँकर मागवला तर वाहतूक स्वस्त पडते आणि थोडं थोडं मागवलं तर महाग, म्हणून तुमच्या डेपोच्या टाक्या लहान असतील आणि सप्लायरने पूर्ण टँकरचा रेट भरला असेल तर तो पुढे शॉर्ट लोडचा, म्हणजे अर्धवट टँकरचा चार्ज लावणारच. टेंडरमध्ये कुठला डेपो, किती लिटरची टाकी, एका वेळी कमीत कमी किती घेणार हे लिहिलं नसेल तर त्याला दोष देऊ नका. वर्षाला किती घेणार हा अंदाज फुगवूनही लिहू नका, मोठा आकडा बघून तो रेट कमी भरतो आणि प्रत्यक्षात तुम्ही निम्मंच उचललं की वसूल कुठून तरी करतोच. आणि पेमेंट. जी महापालिका चार-चार महिने बिल अडकवते तिला कुणीच चांगला रेट देत नाही, सप्लायर लोक हे एकमेकांना सांगतात, तुमचं नाव बाजारात कसंय ते डिफरन्शियलमध्ये दिसतं. ३० दिवसांत पैसे देण्याची ज्यांची ख्याती आहे त्यांना त्याच शहरात त्याच सप्लायरकडून कमी रेट मिळालेला मी पाहिलाय.

प्रश्न: नमस्कार काका, मी डेपोत ज्युनियर इंजिनिअर म्हणून नवीन लागलेय. टँकर येतो तेव्हा चलनावर सही करायची असते. सगळे म्हणतात मीटर आहे, सील आहे, सही कर. मला मात्र सही करताना भीती वाटते. नेमकं काय बघायचं?

उत्तर: ताई, ही भीती चांगली आहे, ती राहू द्या. सगळ्या खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास हाच, टेंडर कितीही चांगलं असलं तरी माल ताब्यात घेणारी सही तुमची असते.

टँकर आला की आधी त्याला सपाट जागी उभा करा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, आत डिझेल हिंदकळत असतं, लगेच डिप घेतली (म्हणजे पट्टी बुडवून किती माल आहे ते मोजलं) तर काहीच्या बाही येतं. तोवर सीलचे नंबर चलनावरच्या नंबरशी एकेक करून जुळवा, वरच्या झाकणाचे पण आणि खालच्या व्हॉल्व्हचे पण, खालचे लोक विसरतात. मग आपल्या टाकीची डिप घ्या आणि जागा किती आहे ते काढा, टाकी काठोकाठ भरायची नसते, वर थोडी मोकळी जागा ठेवायचीच, आणि जागा नसताना टँकर लावला तर सांडणार हे नक्की. कुठल्या कंपार्टमेंटमध्ये काय आहे ते पाईप जोडायच्या आधी बघा. डिझेलच्या टाकीत पेट्रोल उतरवलं तर ती टाकी, त्यावरचा पंप आणि त्या दिवशी भरलेल्या सगळ्या गाड्या, एवढं सगळं उपसायला लागतं. अर्थिंगची क्लिप लावल्याशिवाय पाईपला हात लावू देऊ नका, यात कुणाचंही, कितीही सिनियर असला तरी ऐकायचं नाही.

डिपचं थोडं सविस्तर सांगते… म्हणजे सांगतो, कारण माझ्या बायकोनेही काही वर्षं याच कामात काढलीत आणि हे गणित मला तिनेच शिकवलं. जमिनीखालची टाकी आडवा सिलिंडर असते. समजा व्यास २ मीटर, लांबी साडेसहा मीटर, म्हणजे २० हजार लिटरच्या थोडी वर. ही टाकी अर्धी भरलेली असताना पट्टीवरच्या एका सेंटीमीटरला १३० लिटर बसतात. तीच टाकी तळाला १० सेंटीमीटरवर असेल तर एका सेंटीमीटरला जेमतेम ५७. म्हणजे मध्यावर दोन मिलिमीटर चुकीचं वाचलं तरी २६ लिटर इकडचे तिकडे. म्हणून टाकीचा कॅलिब्रेशन चार्ट, म्हणजे किती सेंटीमीटरला किती लिटर हा तक्ता हवा, पट्टी कोरडी पुसलेली हवी, आणि डिप दोनदा घ्यायची, दोन्ही वेळा सारखी आली तरच लिहायची. पट्टीच्या टोकाला वॉटर पेस्ट लावा, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि तिथं पेस्टचा रंग बदलतो. हे टँकर रिकामा व्हायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. पाणी राहिलं की डिझेल आणि पाण्याच्या मधल्या थरात जंतू वाढतात, काळा चिकट गाळ तयार होतो आणि गाड्यांचे फिल्टर एकामागून एक चोक व्हायला लागतात, बायोडिझेल मिसळलेलं असेल तर जास्तच, कारण ते पाणी धरून ठेवतं.

आता तापमान, ज्यावर आमच्या डेपोत एकदा फार मोठं भांडण झालं होतं. कडक उन्हात १२ हजार लिटरचा टँकर उतरवला, चलन बरोबर, सील बरोबर, संध्याकाळची डिप पण ठीक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी भरायच्या आधी डिप घेतली तर जवळपास १०० लिटर कमी. मी टँकरच्या ड्रायव्हरला नाही नाही ते बोललो, रात्रपाळीच्या वॉचमनचं स्टेटमेंट घेतलं. नंतर एका जुन्या फोरमनने थर्मामीटर दाखवला. डिझेल एका अंशाला हजारी ०.८ च्या आसपास फुगतं किंवा आकसतं. जमिनीखाली रात्रीत ते १० अंशांनी गार झालं तर १२ हजाराला १०० लिटर होतात, कुणी एक थेंब नेला नसला तरी. पेट्रोल याहून थोडं जास्तच आकसतं. त्या ड्रायव्हरची आणि वॉचमनची मी माफी मागितली, पण बोललेलं परत घेता येत नाही, ते मला आजही लागून आहे. तेव्हापासून मी कॉन्ट्रॅक्टमध्ये लिटर कुठल्या तापमानाला मोजायचे ते लिहून घ्यायला लागलो, बऱ्याच ठिकाणी १५ अंश सेल्सिअस धरतात, आणि मोजलेले लिटर त्यावर आणून बिल करतात. मोठी खरेदी असेल तर हा मुद्दा सोडू नका, नाहीतर प्रत्येक टँकरमागे गरम डिझेलचे पैसे देऊन गार डिझेल वापरता.

डेन्सिटी पण तिथल्या तिथे बघा. काचेच्या जारमध्ये नमुना, त्यात हायड्रोमीटर, शेजारी थर्मामीटर, आणि तक्त्यावरून १५ अंशाची डेन्सिटी काढायची. डिझेलची ती साधारण ८२० ते ८४५ किलो प्रति घनमीटरमध्ये असते आणि चलनावर लिहिलेल्या आकड्याशी जुळली पाहिजे. केरोसीन मिसळलं असेल तर ती खाली येते. एक नमुना बाटलीत सील करून, दोघांच्या सह्या घेऊन ठेवून द्या, पुढचे दोन-तीन टँकर येईपर्यंत. इंजिन बिघडलं की हीच बाटली तुमच्या बाजूने बोलते. सगळं उतरल्यावर वर चढून (किंवा चढवून) कंपार्टमेंट खरंच रिकामं झालं का ते बघा, तळात ५०-६० लिटर ठेवून परत जाणारे टँकर मी स्वतः पकडलेत. मग पाईप निथळू द्या. मग सही.

प्रश्न: स्वतःचा पंप ठेवावा की बाहेरच्या पंपावर फ्लीट कार्डने भरावं?

उत्तर: दोन्ही ठेवा, पण कशासाठी काय ते ठरवून. स्वतःच्या टाकीला खर्च आहे, जागा, माणूस, परवाने, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जमिनीत गळती. एकपदरी लोखंडी टाक्या आतून-बाहेरून गंजायच्या आणि वर्षानुवर्षं कळायचंही नाही, म्हणून अमेरिकेत १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली. तिथं महिन्याचा हिशोब जुळवायचा एक जुना नियम आहे तो मला आवडतो, महिन्याभरात टाकीतून जेवढं गेलं त्याच्या १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे जवळपास ४९० लिटर, याहून जास्त फरक आला तर टाकी गळतेय का ते बघायचं. तुमच्याकडे असा नियम नसला तरी स्वतःसाठी असा एक आकडा लावून घ्या, आणि जुळलं नाही की तो महिना तसाच पुढे ढकलू नका.

तरीही मी स्वतःच्या साठ्याच्या बाजूने आहे, निदान अग्निशमन, अॅम्ब्युलन्स आणि पाण्याच्या पंपांच्या जनरेटरपुरता. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ आलं तेव्हा न्यूयॉर्क भागात इंधन असूनही पंपांना वीज नव्हती, नोव्हेंबरात गाड्यांना सम-विषम नंबरने पेट्रोल द्यायला लागलं. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये तेल होतं पण टँकरला ड्रायव्हर नव्हते, लोकांनी घाबरून रांगा लावल्या आणि पंप कोरडे पडले, शेवटी ऑक्टोबरात सैन्याचे ड्रायव्हर उतरवले. अशा वेळी नुसतं कार्ड काय कामाचं. कॉन्ट्रॅक्टमध्ये आणीबाणीत आधी आम्हाला माल, किती तासांत, असं कलम हवंच, पण ते कलम पण रस्त्यावर टँकर चालला तरच. आणि स्वतःचा साठा ठेवलात तर टाकीवरच्या पंपाला जनरेटर किंवा निदान हातपंप ठेवा, नाहीतर वीज गेली की डिझेल खाली आणि आपण वर.

कार्ड लांबच्या, विखुरलेल्या छोट्या गाड्यांना बरं. फक्त कार्ड गाडीला द्या, माणसाला नाही, आणि टाकीच्या साईजपेक्षा जास्त लिटर, दिवसात दुसऱ्यांदा भरणं, सुट्टीच्या दिवशी भरणं, यावर लिमिट लावून घ्या, हे सगळं कार्ड कंपनीला सांगितलं की होतं.

प्रश्न: माझे वडील कचरागाडीवर ड्रायव्हर आहेत. ॲव्हरेज कमी आलं म्हणून त्यांना नोटीस आलीय, म्हणजे सरळ सरळ डिझेल चोरलं असंच म्हणताहेत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर कधी डाग नाही. ते घरी कुणाशी बोलत नाहीयेत. आम्ही काय करावं?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. आधी वडिलांना सांगा की नोटीस म्हणजे निकाल नाही, आणि उत्तर लेखी द्यायचं, मुदतीत द्यायचं.

आता मुद्द्याचं. कचरागाडीला किलोमीटरवर मोजणं हेच मुळात चुकीचं आहे. ती दारोदारी थांबते, थांबल्यावर पण इंजिन चालू कारण कचरा दाबणारं हायड्रॉलिक इंजिनवरच चालतं, दिवसभरात गाडी पळते थोडी आणि राबते जास्त. गल्लीबोळातला रूट आणि सरळ हायवेने डेपोला जाणारा रूट यांचं ॲव्हरेज एक कसं येईल? अशा गाडीला लिटर प्रति तास मोजायचं, तासाचं मीटर असतं किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरमधून तास काढता येतात. तुमच्या वडिलांनी उत्तरात एवढं मागावं: त्याच मॉडेलच्या, त्याच रूटवर दुसऱ्या ड्रायव्हरने चालवलेल्या गाडीचे लिटर आणि तास, आपल्या गाडीचे इंजिन तास, रूट कधी बदलला त्याची नोंद, गाडीच्या सर्व्हिसिंगच्या तारखा, एअर फिल्टर आणि इंजेक्टर शेवटचे कधी बघितले, टायरमधली हवा, आणि ज्या नोझलने भरतात त्याची शेवटची तपासणी. नोझलची तपासणी प्रमाणित मापाने करतात, माप २० लिटरचं असेल तर त्यात फरक अर्ध्या टक्क्याच्या, म्हणजे १०० मिलीच्या आत पाहिजे. नोझलच कमी देत असेल तर सगळ्याच गाड्यांचं ॲव्हरेज पडलेलं दिसेल, ते एकट्या त्यांच्या माथी कसं मारता येईल.

आणि जे अधिकारी हे वाचत असतील त्यांना एक सांगतो. चोरी होते, मी नाही म्हणत नाही. पण ती जितकी गाडीच्या टाकीत होते त्याहून जास्त कागदावर होते, आणि कागद वाचला की दिसते. खरी गाडी भरली की आकडा ४७.३६ येतो, ६१.८२ येतो. ज्या रजिस्टरमध्ये महिनाभर ५०.००, ५०.००, ५०.०० आहे तिथं कुणी मोजलेलंच नाही. किलोमीटर रीडिंग सारखं शून्यावर संपत असेल तर ते मीटर बघून लिहिलेलं नाही. ६० लिटरच्या टाकीत ७२ लिटर भरल्याची नोंद मी स्वतः पाहिलीय, आणि ती सलग दोन वर्षांच्या ऑडिटमधून सुटली होती कारण गाडीच्या टाकीची साईज रजिस्टरवर कुठेच लिहिलेली नव्हती. अजून एक चांगली खूण, नवीन डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करायला डीईएफ लागतं, ते युरियाचं पाणी, ३२.५ टक्क्यांचं. ते डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के लागतं. एखाद्या गाडीचं डिझेल वाढलंय आणि डीईएफ होतं तेवढंच आहे, तर ते जास्तीचं डिझेल बहुतेक त्या इंजिनमधून गेलेलंच नाही. दोन्ही सोबत वाढलं असेल तर इंजिनने खरंच प्यायलंय, मग ड्रायव्हरला नाही, वर्कशॉपला विचारा. तुमच्या वडिलांची गाडी नवी असेल तर हा आकडा पण नक्की मागा.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाड्या येतच आहेत, मग आता पाच वर्षांचं डिझेल कॉन्ट्रॅक्ट करावं का?

उत्तर: करा, पण ठराविक लिटर उचलायचं बंधन नको आणि वर्षागणिक प्रमाण कमी होत जाईल असं स्पष्ट लिहा. बदल वाटतो त्याहून लवकर होऊ शकतो, शेन्झेनने २०१७ च्या शेवटापर्यंत आपल्या सोळा हजारांवर बस सगळ्या इलेक्ट्रिक केल्या. बस सहज बदलतात कारण त्यांचा रूट ठरलेला असतो, फायर ब्रिगेडच्या गाड्या आणि जड मशिनरी सगळ्यात शेवटी. नवीन टाकी पुरायची असेल तर आधी हा हिशोब करा, टाकी तीस वर्षांची असते. आणि विजेचं बिल आलं की तिथंही मीटर, वेळ आणि गाडीनिहाय नोंद लागणारच आहे.

प्रश्न: सोमवारपासून इंधनाचं रजिस्टर माझ्याकडे येतंय. पहिल्या दिवशी काय करू?

उत्तर: सकाळी पहिली गाडी लागायच्या आधी पोचा. आधीच्या माणसाला सोबत घ्या. सगळ्या टाक्यांची डिप, पाण्याची डिप, टाकीतलं तापमान. प्रत्येक नोझलच्या टोटलायझरचा (आजवर एकूण किती लिटर गेलं ते दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा, तो मागे जात नाही, त्यामुळे संध्याकाळचा उणे सकाळचा म्हणजे दिवसभरात गेलेलं, ते गाड्या भरल्याच्या चिठ्ठ्यांच्या बेरजेशी जुळलं पाहिजे. टोटलायझरचा फोटो काढून ठेवा. हे सगळं रजिस्टरच्या एकाच पानावर लिहा, जे कमी-जास्त निघेल ते तसंच लिहा, आणि त्याच पानावर तुमच्या सहीच्या वर त्याची सही घ्या. नसेल करत तर डेपो मॅनेजरला बोलवा आणि तोपर्यंत पंप सुरू करू नका.